वडिलांना आवडलं असतं का?

‘द एक्स-फाइल्स’ ही १९९३ साली सुरू झालेली अमेरिकी मालिका तुम्ही कदाचित पाहिली असेल. तिच्यातली एफबीआयची अधिकारी डेना स्कली मूळची डॉक्टर. आधी पदार्थविज्ञान, मग वैद्यकशास्त्र. पण दवाखाना थाटायचा सोडून ती एफबीआयच्या अकादमीत शिकवू लागली. आईवडिलांना ते पोरीचं बंड वाटलं.

१९९४ सालच्या एका भागात तिचे नौदलातले वडील जातात. त्यांना माझा अभिमान वाटत होता का, असं ती आईला विचारते.

माझ्या मुलीनंही डॉक्टर होऊन वेगळीच वाट धरली, तेव्हा मी तिच्याशी महिनाभर अबोला धरला होता. तो भाग संपला आणि मी लेकीला फोन लावला. उद्या हाच प्रश्न तिला आईला विचारावा लागू नये, म्हणून.