४,२९,४९,६७,२९७ (संख्या)
४,२९,४९,६७,२९७ ही एक संयुक्त संख्या आहे. २ च्या ३२ व्या घातात १ मिळवल्यास ती मिळते. २ च्या १, २, ४, ८ व १६ व्या घातांत १ मिळवून येणाऱ्या ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या सर्व मूळ संख्या आहेत. यावरून सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ पिएर दे फर्मा यांनी मालिकेतील पुढील प्रत्येक संख्याही मूळ असावी, असे अनुमान केले. मात्र सहाव्याच संख्येला ते मोडले. १७३२ मध्ये लेओनार्ड ऑयलर यांनी तिचे ६४१ × ६७,००,४१७ असे अवयव दाखवले.

या संख्येच्या कोणत्याही मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास बाकी १ उरते. त्यामुळे १९३, २५७, ४४९ व ५७७ तपासल्यावर पाचव्याच प्रयत्नात ६४१ सापडतो. ६५,५३७ च्या पुढे या मालिकेत एकही मूळ संख्या अद्याप आढळलेली नाही.