विनोदाच्या आडून येणारी अस्पृश्यता

कार्यालयात जेवणाची सुट्टी झाली, डबे उघडले की कोणीतरी एक विनोद सोडतो. १४ एप्रिल जवळ आला की 'तुमची दिवाळी आली'. बढतीची यादी लागली की 'तुम्हाला काय चिंता, तुम्ही सरकारचे जावई'. ६ डिसेंबरच्या आठवड्यात 'दादरला फिरकू नका, गाड्यांत पाय ठेवायला जागा नाही'. नवा माणूस रुजू झाला की आधी आडनाव विचारायचे. आडनावावरून कळले नाही तर गाव विचारायचे, गावावरूनही उलगडले नाही तर घरात कोणाचा फोटो आहे इथपर्यंत चौकशी करायची. उत्तर मिळाले की डोळे मिचकावले जातात आणि पुढच्या विनोदाची तयारी होते. आपल्या समाजातील नोकरी करणाऱ्या असंख्य माणसांना हे पाठ आहे. घरी मात्र कोणी सांगत नाही. आई-वडिलांनी मोलमजुरी करून शिकवले, पोरगा खुर्चीवर बसला. आता त्यांना काय सांगायचे, की त्या खुर्चीभोवती जमून लोक हसतात?

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्याला गंमत म्हटले जाते ती अस्पृश्यता आहे, आणि तिची लेखी नोंद झालीच पाहिजे.

इतिहास आठवून पाहा. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले विद्वान होते. तरीही कचेरीतील शिपाई त्यांच्याकडे फायली लांबूनच फेकत. प्यायला पाणी मिळणे मुश्कील होते. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, तर तिथल्या काही सहकारी प्राध्यापकांनी सामाईक माठातील पाणी त्यांनी पिण्यास हरकत घेतली. हे सहकारी अडाणी नव्हते, तेही शिकलेलेच होते. शिक्षणाने जात जात नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

पुढे संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांविरुद्ध कायदा आला, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. माठ गेला, वॉटर कूलर आला. त्याला हात लावू नको असे उघडपणे म्हणण्याची सोय राहिली नाही. पण चारचौघांत एखाद्याला बाजूला काढण्याची, त्याची पायरी दाखवण्याची मनुवादी गरज काही संपली नाही. ते काम आता विनोद करतो.

हा विनोद मोठा लबाड असतो. तुम्ही हसलात तर तुमची संमती धरली जाते. नाही हसलात तर 'तुम्ही फारच मनाला लावून घेता' असे ऐकावे लागते. उलट उत्तर दिले तर लगेच दुसरा विनोद तयार असतो, 'सांभाळून बोला रे, ॲट्रॉसिटी लावतील'. म्हणजे तक्रार होण्याआधीच तक्रारीची थट्टा करून ठेवायची. मग अनेकजण चौथा मार्ग पत्करतात. आडनाव बदलतात, गळ्यातले लॉकेट शर्टाच्या आत ढकलतात, 'जय भीम' ओठांवर येऊनही 'नमस्कार' म्हणतात आणि सर्वांबरोबर हसतात. त्या हसण्याची किंमत कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही.

आणि प्रश्न केवळ मन दुखावण्याचा नाही. जेवणाच्या टेबलावर ज्याला 'कोट्यातला' म्हणून हसले, त्याचा गोपनीय अहवाल वर्षअखेरीस हसणाऱ्यांपैकीच एक साहेब लिहितो. विनोदातून आधी मत तयार होते, मग ते मत कागदावर उतरते. बढती, बदली, महत्त्वाचे टेबल, सगळे त्याच मतावर ठरते.

हे फक्त सरकारी कचेऱ्यांतच घडते, मोठ्या खासगी कंपन्यांत नाही, असे समजू नये. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने २०२० मध्ये सिस्को या कंपनीवर आणि तिच्या दोन भारतीय वंशाच्या अधिकाऱ्यांवर दावा लावला. हा इंजिनिअर दलित आहे, आयआयटीत आरक्षणातून आला, असे वरिष्ठाने सहकाऱ्यांना सांगितले आणि पुढे त्याला कामातून बाजूला सारले, असा त्यात आरोप होता. त्याने कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा जातीवरून केलेला भेदभाव तिथल्या कायद्यात बसत नाही असे उत्तर मिळाले, असेही दाव्यात म्हटले होते. २०२३ मध्ये दोन्ही व्यक्तींवरील दावा विभागाने मागे घेतला, कंपनीवरचा मात्र चालू ठेवला. कंपनीने आरोप नाकारले. निकालापलीकडे आपल्यासाठी महत्त्वाचे हे, की ज्या देशात 'जात' हा शब्दही फारसा कोणाला ठाऊक नव्हता, तिथे एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीने तो शब्द चर्चेत आणला. २०२३ मध्येच सिॲटल शहराने भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केला.

एका तक्रारीत किती ताकद असते, याचे घरचे उदाहरणही आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याने गोपनीय अहवालातील प्रतिकूल शेऱ्यांवरून अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तक्रार केली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २० मार्च २०१८ च्या निकालाने हा कायदाच दुबळा केला. त्यावर २ एप्रिलला भारत बंद झाला, त्यात माणसे मेली. ऑगस्ट २०१८ मध्ये संसदेला कायद्यात कलम १८-अ घालावे लागले आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. एका कार्यालयातील तक्रार अख्ख्या देशाच्या रस्त्यावर आली.

म्हणून कायदा नीट समजून घेतला पाहिजे. प्रत्येक टोमण्याला ॲट्रॉसिटी लावा, असे आम्ही म्हणत नाही. कायद्याला दोन गोष्टी लागतात. अपमान जाणूनबुजून केलेला असावा किंवा जातिवाचक शिवीगाळ झालेली असावी, आणि ती लोकांच्या नजरेसमोर झालेली असावी. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जागा खासगी असली तरी बाहेरच्या लोकांना ते दिसत-ऐकू येत असेल तर गुन्हा होतो. २०२० मध्ये म्हटले की चार भिंतींच्या आत, कोणी बाहेरचे हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. जानेवारी २०२५ मधला निकाल तर कार्यालयाचाच आहे. तमिळनाडूतील एका महसूल निरीक्षकाला त्याच्याच कचेरीत येऊन जातीवरून शिवीगाळ केल्याची फिर्याद होती. सहकारी नंतर आत आले, शब्द उच्चारले गेले तेव्हा तिथे कोणी नव्हते, या कारणावरून खटला रद्द झाला.

यातून काय शिकायचे? साक्षीदारावाचून तक्रार उभी राहत नाही. केबिनमध्ये एकट्याला बोललेला शब्द सिद्ध करणे कठीण, पण विनोदाला तर श्रोते लागतातच! चारजण हसल्याशिवाय विनोद होत नाही. म्हणजे विनोद करणारा आपले साक्षीदार स्वतःच गोळा करतो. प्रश्न इतकाच, की त्यातला एक तरी खरे सांगायला उभा राहील का?

तेव्हा क्रम असा ठेवावा. पहिल्यांदा शांतपणे, सर्वांसमोर, त्याच जागी सांगावे, 'हा विनोद जातीवरचा आहे, पुन्हा करू नका.' आवाज चढवू नये. शिवी देऊ नये, तुमची एक शिवी त्याच्या दहा टोमण्यांवर पांघरूण घालते. त्याच दिवशी वहीत तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहावीत. मोबाइलवरच्या गटात आले असेल तर ते जपून ठेवावे. पुन्हा घडले तर लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. केंद्र सरकारच्या मंत्रालयांत आरक्षणाच्या अंमलबजावणीसाठी संपर्क अधिकारी असतो, त्याला प्रत द्यावी. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोग आहे. संविधानाच्या कलम ३३८ प्रमाणे चौकशीसाठी त्याला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. उघड जातिवाचक शिवीगाळ झाली तर मात्र वाट न पाहता पोलीस ठाणे गाठावे.

आमची एक मागणीही आहे. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आला. त्यात अश्लील शेरेबाजी हा स्पष्टपणे छळ मानला आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती सक्तीची आहे, चौकशी ९० दिवसांत संपवायची आहे. 'गंमत केली' हा बचाव तिथे सहज चालत नाही. मग जातीवरच्या शेरेबाजीसाठी सरकारी आणि खासगी, दोन्ही ठिकाणी अशीच समिती, अशीच मुदत का नसावी?

आता थोडे आपल्याकडे पाहू. आपल्यातलेही काहीजण सहकारी स्त्रियांवर विनोद करतात, तेव्हा त्यांना तो अपमान वाटत नाही. झाडूवाल्या मेहतर बांधवावर, मातंग सहकाऱ्यावर, एखाद्या आदिवासी मुलीच्या बोलण्यावर हसणारे आपल्याही टेबलावर आहेत. तथागतांनी सम्यक वाचेत खोटे बोलणे, चहाडी, कठोर शब्द आणि वायफळ बडबड ही चारही वर्ज्य सांगितली. टोमण्याच्या विनोदात यातली निदान दोन असतात. खालच्या पायरीवर हसणारा माणूस वरच्या पायरीविरुद्ध तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

आणि आपल्या कर्मचारी संघटना? जयंतीला त्यांचे फलक झळकतात, बिंदुनामावलीसाठी त्या भांडतात, ते योग्यच आहे. पण एखादी नुकतीच रुजू झालेली मुलगी अर्ज घेऊन साहेबाच्या केबिनबाहेर उभी असते, तेव्हा तिच्यासोबत किती पदाधिकारी असतात? मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टर मुलीने मे २०१९ मध्ये आपले जीवन संपवले. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ सहकारी डॉक्टरांवर ठेवला गेला. छळाबद्दल आम्ही आधीच रुग्णालयाला सांगितले होते, असे तिचे कुटुंबीय सांगत राहिले. अशा वेळी उशिरा काढलेला मोर्चा कामाचा नसतो. वेळेवर दिलेली साथ कामाची असते.

म्हणून प्रत्येक संघटनेने दोन माणसे याच कामासाठी नेमावीत. अर्ज लिहून द्यायला एक, अर्जदारासोबत केबिनमध्ये जायला एक. पहिल्या तक्रारदाराच्या मागे दोन माणसे उभी राहिली, की टेबलावरचे हसणे आपोआप कमी होते.