डाळ न शिजणाऱ्या पाण्यात कॉफी कशी जमेल?

खान्देशातली गृहिणी नव्या घरी राहायला गेली की पाण्याची पहिली परीक्षा तुरीच्या डाळीवर होते. वरण-बट्टीचा बेत असतो, कुकरच्या चार शिट्ट्या होतात आणि झाकण काढावे तर डाळ टणकच. मग शेजारीण सांगते, ‘बोअरचं पाणी घेतलं असणार. नळाचं घ्या, नाहीतर चिमूटभर सोडा टाका.’ जळगाव-धुळ्याच्या स्वयंपाकघरांत हे ज्ञान पिढ्यानपिढ्या चालत आले आहे.

आता याच घरांत शिक्षण-नोकरीसाठी पुण्या-बंगळूरला गेलेली मुले सुटीत येताना कॉफीचे नवे साहित्य आणू लागली आहेत. वर शंकूच्या आकाराचा पेला, त्यात कागदी गाळणी, तीत दळलेली कॉफी आणि वरून बारीक धारेने ओतलेले गरम पाणी. इंग्रजीत हिला ‘पोअर-ओव्हर’ म्हणतात. बंगळूरला छान लागलेली तीच पूड, तेच साहित्य. पण घरी बोअरच्या पाण्यावर केलेली कॉफी बेचव, मातकट लागते. दोष पुडीला दिला जातो, नाहीतर आणखी महागडी किटली मागवली जाते. खरे कारण डाळीने केव्हाच सांगितलेले असते.

पाण्यात असते काय?

अशा कॉफीच्या कपात साधारण ९८ टक्के पाणीच असते. तापीच्या दक्षिणेकडचा बराचसा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा, तर तापी आणि सातपुडा यांच्यामधला चोपडा, यावल, रावेर, शिरपूरचा पट्टा नदीच्या गाळाचा. जमिनीत मुरलेले पाणी खडक-मातीतून वाट काढताना कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेते. म्हणून जळगावला वाघूर धरणातून किंवा धुळ्याला तापीतून येणाऱ्या पाण्यापेक्षा कॉलनीतल्या खोल बोअरचे पाणी सहसा अधिक क्षारांचे असते. लोक त्याला जड पाणी म्हणतात, शालेय पुस्तकात ते दुष्फेन किंवा कठीण पाणी असते.

डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात, म्हणून ती शिजत नाही. कॉफीची गोष्ट थोडी वेगळी आहे. थोडे कॅल्शियम-मॅग्नेशियम पुडीतला अर्क उतरायला मदतच करते. चव बिघडवते ते मुख्यतः बायकार्बोनेट. कॉफीला फळासारखी तरतरी देणारी सौम्य आम्ले ते मारून टाकते. खाण्याचा सोडा म्हणजेही बायकार्बोनेटच. जो सोडा डाळ मऊ करतो, त्याच जातीचा क्षार कॉफी निस्तेज करतो.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. विरघळलेल्या एकूण क्षारांसाठी, म्हणजे टीडीएससाठी, हेच आकडे ५०० आणि २००० आहेत. कॉफी व्यवसायातील जागतिक संघटनेची शिफारस मात्र टीडीएस १५० च्या आसपास आणि बायकार्बोनेटवर अवलंबून असलेली अल्कता ४० च्या आसपास अशी आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही कॉफीसाठी जड असू शकते.

आरओ हे पूर्ण उत्तर नाही

मग थेट आरओचे पाणी वापरावे का? टीडीएस १०-२० पर्यंत उतरलेल्या पाण्यात क्षार जवळजवळ उरतच नाहीत. त्यात कॉफी पांचट किंवा नुसतीच आंबट लागते. शिवाय घरगुती यंत्र एक लिटर पाण्यामागे अनेकदा दोन-तीन लिटर मोरीत सोडते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या भागात ही चैन परवडणारी नाही.

सोपा मार्ग मिसळण्याचा. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ६०० आणि आरओचा २० असेल, तर एक वाटी बोअरचे आणि तीन वाट्या आरओचे मिळून टीडीएस १६५ च्या आसपास येतो. धरणाचे नळपाणी मुळातच सौम्य असेल तर त्याची गरज नाही. क्लोरीनचा वास येत असेल तर ते भांड्यात काही तास उघडे ठेवून मग उकळले की पुरते.

आरओ नसलेल्या घरात बिनखर्चाचा उपाय आहे. पाणी दहा मिनिटे उकळावे, रात्रभर स्थिर ठेवावे आणि सकाळी वरचे निथळून घ्यावे. तळाशी बसलेला पांढरा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. उकळल्यामुळे कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही एकदमच कमी होतात. सल्फेट-क्लोराइडमुळे आलेला कठीणपणा मात्र उकळून जात नाही. किटलीत साचलेला तोच थर लिंबूफुलाच्या पाण्याने निघतो.

बाथरूमसाठी बसवलेल्या सॉफ्टनरचे पाणी कॉफीला वापरू नये. ते यंत्र कॅल्शियमच्या जागी सोडियम घालते, बायकार्बोनेट तसेच ठेवते. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलेल्यांनी तर ते पिण्यातही टाळावे.

एक इशारा महत्त्वाचा. टीडीएस मीटर फक्त क्षारांचा अंदाज देतो. फ्लोराइड, नायट्रेट किंवा जंतू त्याला दिसत नाहीत, आणि फ्लोराइड-नायट्रेट उकळूनही जात नाहीत. म्हणून बोअरचे पाणी कॉफीत मिसळण्याआधी एकदा जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. फ्लोराइडची सुरक्षित मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि नायट्रेटची ४५ मिलिग्रॅम आहे. अहवालात ती ओलांडलेली दिसली, तर प्रश्न कॉफीचा नसून घरातल्या सगळ्यांच्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

कागदाचे काम

साहित्यात सर्वांत स्वस्त वस्तू सर्वांत मोलाची आहे: कागद. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या मेलिटा बेन्ट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये छिद्रे पाडलेल्या पितळी भांड्यात मुलाच्या वहीचा टिपकागद ठेवून कॉफी गाळली आणि त्याचे पेटंट घेतले. तिला गाळ आणि कडवटपणा नको होता. आरोग्याचा फायदा पुढे कळला.

कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल हे द्रव्य असते. ते रक्तातले एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवते. जास्त कॉफी पिणाऱ्यांत कोलेस्टेरॉल जास्त असल्याचे नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरातील पाहणीतून १९८३ मध्ये पुढे आले. नॉर्वेतल्याच पाच लाखांहून अधिक लोकांची सुमारे २० वर्षांची माहिती तपासणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कागदातून गाळलेली कॉफी पिणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण न गाळलेली कॉफी पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. अशा अभ्यासातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होतेच असे नाही. पण कागद कॅफेस्टॉलचा मोठा भाग अडवतो, हे पक्के आहे.

आपल्याकडे दळलेली कॉफी चहासारखी पातेल्यात उकळून गाळणीने गाळण्याची सवय आहे. ती गाळणी हे तेल अडवत नाही. कागदाशिवाय वापरायची स्टीलची जाळीही ते पूर्ण अडवत नाही. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने यातून निवड करायची तर कागदच निवडावा.

बाकी साहित्य साधेच

शंकू प्लास्टिकचा चालतो. तो चिनी मातीपेक्षा उष्णता कमी शोषतो. मात्र तो अन्नासाठी आणि गरम पाण्यासाठी बनवलेला असावा. हंसासारख्या मानेची किटली नसेल तर निमुळत्या तोंडाचे भांडे घ्यावे. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा मात्र हवा: १५ ग्रॅम पुडीला २५० मिलिलिटर पाणी. दळण बारीक रव्याइतके असावे. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफीची बारीक पूड कागदात अडकून बसते, म्हणून पाकिटावरचे चिकोरीचे प्रमाण वाचून घ्यावे.

कागद आधी गरम पाण्याने धुवावा. जळगावसारख्या कमी उंचीवर पाणी ९९ अंशांच्या आसपास उकळते. गॅस बंद करून अर्धा-एक मिनिट थांबावे. पूड भिजेल एवढेच पाणी घालून अर्धा मिनिट ठेवावे, मग उरलेले हळूहळू ओतावे. तीन मिनिटांत कप भरतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा पूड घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅस आणि खिडकीपासून दूर ठेवावी आणि थोडी थोडीच आणावी.

नवी किटली मागवण्याआधी घरात एक छोटी चाचणी करता येते. तीच पूड, तोच कागद. एक कप बोअरच्या पाण्याचा, एक मिसळलेल्या पाण्याचा. दोन घोटांत फरक कळतो. आणि तो कळला नाही, तर किटलीचे पैसे तरी वाचतात.