आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून?

जपानमधल्या मिनामाता इथल्या चिस्सो कारखान्याने १९५९च्या डिसेंबरात मोठा गाजावाजा करून सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा बसवली. पण पाण्यात विरघळलेला सेंद्रिय पारा काढण्यासाठी ती बनवलेलीच नव्हती. मासळीतून माणसांच्या मेंदूपर्यंत विष पोहोचतच राहिले. कारखान्यातून पारा समुद्रात जाणे थांबले ते १९६८ मध्ये, पारा वापरणारी अ‍ॅसिटाल्डिहाइडची जुनी पद्धत बंद झाली तेव्हा. प्रदूषणाचा कायदा कुठे उभा राहायला हवा, हे मला यातून स्वच्छ दिसते. आपला १९७४चा जलप्रदूषण कायदा मुख्यतः नाल्याच्या तोंडाशी उभा आहे: संमतीपत्र घ्या, ठरल्या मर्यादेत पाणी सोडा. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ३ने मात्र उत्पादनाची प्रक्रिया आणि त्यातले पदार्थ तपासण्याची वाटही सरकारला मोकळी केली. त्या वाटेने गेलो की काय होते, ते कॉस्टिक सोड्याच्या उत्पादनात दिसले. मिठाच्या पाण्यातून वीज सोडताना पूर्वी पारा वापरत. प्रदूषण कमी करण्याच्या २००३च्या सनदेत सरकार आणि उद्योग यांनी मेम्ब्रेन पद्धतीकडे वळायचे ठरवले. तिच्यात पारा लागतच नाही, शिवाय वीजही कमी लागते.

सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आहेत की, असे कोणी म्हणेल. ती हवीतच. पण तिथले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, क्रोमियम खात नाहीत; ते फार तर पाण्यातून गाळात जाते आणि गाळ पुरायला जागा शोधावी लागते. लहान उद्योगांना खर्च झेपणार नाही, हा आक्षेप जास्त खरा आहे. नव्या यंत्रासाठी त्यांना स्वस्त कर्ज मिळायलाच हवे. तरी मुलामा देणाऱ्या एखाद्या छोट्या वर्कशॉपमध्ये पाहा: रसायनाच्या टाकीतून काढलेला, वस्तू अडकवलेला सांगाडा लगेच धुण्याच्या पाण्यात बुडवला, तर अंगावरचे रसायन सांडपाण्यात जाते. तोच टाकीवर काही सेकंद निथळत धरला, तर थेंब टाकीत परततात. याला पैसा लागत नाही.

सरकारी अधिकाऱ्याला कारखान्यातले काय कळणार? त्याने कृती सांगूच नये. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९८९च्या कायद्यात घातक रसायने मोठ्या प्रमाणात वापरणाऱ्या कारखान्यांनाच दरवर्षी हिशेब द्यायला आणि कपातीचा आराखडा करायला लावले. तो अमलात आणायची सक्ती केली नाही. तरीही वापर घटला, कारण विकत घेतलेला माल किती वाया जातो हे मालकालाच कागदावर दिसले. आपल्याकडेही कारखान्यांना ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरावे लागते. उत्पादनाच्या दर एककामागे किती पाणी, किती कच्चा माल लागला, याचे रकाने त्यात आहेत. संमतीपत्राचे नूतनीकरण करताना प्रदूषण नियंत्रण मंडळाने गेल्या वर्षीचा रकाना यंदाच्या रकान्याशेजारी ठेवून फरकाचा जाब विचारावा.