स्नॅपशॉटची 'कच्ची वही' भरली तर?

पूर्वी दुकानाचा हिशेब रोजमेळ आणि खतावणीत असे. आज ठोक व्यापारी आणि कारखानदार यांचा सारा व्यवहार सर्व्हरच्या डिस्कवर असतो. बिले चालू असताना या हिशेबाची नक्कल घ्यायला चार तास लागले, तर पहिले पान दहाचे आणि शेवटचे दोनचे होते. जमा-नावे जुळणार कसे? यावरचा उपाय म्हणजे स्नॅपशॉट.

स्नॅपशॉट म्हणजे संपूर्ण नक्कल नव्हे. समजा, दहा वाजल्यानंतर खतावणीतील कोणतीही रक्कम बदलण्यापूर्वी मुनीमजी जुनी रक्कम एका कच्च्या वहीत उतरवून ठेवतात. मग दहाचा हिशेब केव्हाही पाहता येतो. न बदललेली पाने खतावणीतून वाचायची, बदललेली कच्च्या वहीतून. ही कच्ची वही म्हणजेच कॅश व्हॉल्यूम.

मात्र वहीची पाने मोजकीच असतात. लिनक्सच्या एलव्हीएम पद्धतीत नेहमीच्या स्नॅपशॉटची जागा पूर्ण भरली की तो स्नॅपशॉट बाद होतो. मूळ डेटा सुरक्षित राहतो, पण अर्धवट झालेला बॅकअप वाया जातो. विंडोजच्या शॅडो कॉपीत मर्यादा संपली की सर्वांत जुनी प्रत आधी पुसली जाते. दोन्हीकडे नुकसान गुपचूप होते. नेमकी गरज पडेल तेव्हाच ते कळते.

मग जागा किती ठेवावी? एकूण डेटा किती, यापेक्षा त्यात बदल किती होतो, हे पाहावे. ताशी ५ जीबी बदल आणि बॅकअपला ४ तास, म्हणजे २० जीबी. मार्चअखेरची गर्दी धरून दुप्पट, ४० जीबी ठेवणे शहाणपणाचे.

एलव्हीएममध्ये जागा आपोआप वाढवण्याची सोय आहे, पण मूळ मांडणीत ती बंद असते. मर्यादा ७० टक्के आणि वाढ २० टक्के ठेवली, तर १ जीबीची जागा ७० टक्क्यांपलीकडे भरताच १.२ जीबी होते. मात्र त्यासाठी व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी जागा शिल्लक हवी आणि देखरेखीची सेवा चालू हवी. 'एलव्हीएस' आज्ञेने जागा किती टक्के भरली ते रोज पाहता येते.

स्नॅपशॉट घेण्यापूर्वी हिशेबाचे सॉफ्टवेअर क्षणभर थांबवावे, म्हणजे अर्धवट नोंद त्यात येणार नाही. बॅकअप पूर्ण होऊन तपासून झाला की स्नॅपशॉट काढून टाकावा. तो राहिला तर जागा खातोच, शिवाय प्रत्येक नव्या बदलाआधी जुने उतरवण्याचे काम वाढून सर्व्हर मंदावतो.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कच्ची वही खतावणीशिवाय अपुरी असते. मूळ डिस्कच जळाली तर स्नॅपशॉटही गेला. म्हणून खरी नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुकानाबाहेर ठेवावी. आपली यंत्रणा सांभाळणाऱ्या माणसाला आजच विचारा: कॅश किती भरली आहे, आणि पूर्ण भरली तर काय होईल?