लॅपटॉप परत, ओटीपी खिशात

हिंजवडीतल्या आयटी कंपनीत राजीनामा दिलेला कर्मचारी शेवटच्या दिवशी आयटी डेस्कसमोर येतो, तेव्हा तिथला तंत्रज्ञ सर्वात आधी लॅपटॉप उलटा करतो. सिरियल नंबर यादीशी जुळतो का, बिजागरी सैल झाली आहे का, चार्जर त्याच लॅपटॉपचा आहे का, हे भराभर पाहून होतं. मॅकबुक असेल तर हमखास विचारणा होते, ‘आयक्लाउडमधून साइन आउट केलंत ना?’ वैयक्तिक खात्यावर ‘फाइंड माय’ चालू राहिलं, तर मशीन पुसल्यावरही त्याच खात्याचा पासवर्ड मागू शकतं.

वस्तूंचं काम इथे संपतं. अवघड असतात त्या न दिसणाऱ्या किल्ल्या.

छोट्या कंपन्यांत क्लाउडचं मूळ खातं, डोमेनचं नूतनीकरण, प्ले स्टोअरचं डेव्हलपर खातं हे सगळं एकाच्याच खासगी मोबाइलला जोडलेलं असतं. तो गेला की ओटीपी त्याच्या खिशात जातो. म्हणून हँडओव्हर नोटीस पीरियडच्या पहिल्या आठवड्यातच सुरू व्हायला हवा, शेवटच्या दुपारी नव्हे. सिस्को या बड्या कंपनीलाही न दिसणाऱ्या किल्ल्यांचा हा धडा महागात पडला. 2018 मध्ये नोकरी सोडलेला एक इंजिनिअर काही महिन्यांनी तिच्या क्लाउडमध्ये शिरला आणि त्याने 456 व्हर्च्युअल मशीन पुसून टाकली. कंपनीच्या वेबेक्स टीम्स या सेवेची 16,000 हून अधिक खाती बंद पडली. त्याला दोन वर्षांची कैद झाली.

‘कोड मी लिहिला, मग नेला तर काय बिघडलं?’ असं अनेकांना मनापासून वाटतं. पण 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 17 स्पष्ट आहे: वेगळा करार नसेल, तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा. ग्राहकांची यादी पेन ड्राइव्हवर उतरवून घेणं तर सरळसरळ विश्वासघात आहे.

कंपनीनेही माणुसकी सोडू नये. त्याच लॅपटॉपमध्ये गृहकर्जाची कागदपत्रं, मुलांचे फोटो, ब्राउझरमध्ये जपलेले पासवर्ड असतात. मशीन पुसण्याआधी, आयटीच्या माणसाला शेजारी बसवून, ते काढून घ्यायला तासभर दिलाच पाहिजे.

आणि पोचपावती. सिरियल नंबर, वस्तूंची स्थिती, तारीख, दोघांच्या सह्या. ती नसेल तर एका चार्जरपायी फुल अँड फायनल हिशेब अडकू शकतो. तिचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवावा. ऑफिसचा मेल त्याच संध्याकाळी बंद होतो.