‘लव्ह मी डू’ची पहिली तबकडी

५ ऑक्टोबर १९६२ रोजी, म्हणजे जेम्स बाँडचा पहिला चित्रपट लंडनमध्ये प्रथम दाखविला गेला त्याच दिवशी, लिव्हरपूलच्या चार तरुणांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘पार्लोफोन’ने विक्रीस काढली. एका बाजूस ‘लव्ह मी डू’, दुसऱ्या बाजूस ‘पी. एस. आय लव्ह यू’. दोन्ही गीते जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांची स्वतःची. बीटल्सच्या उत्तरकालीन वैभवापुढे ही मुद्रिका बाळबोध वाटते हे खरे. परंतु त्यांच्या साऱ्या कर्तृत्वाचे बीज, गीताहूनही अधिक, तेच गीत बाहेर पडावे म्हणून त्यांनी धरलेल्या आग्रहात आहे, असे माझे मत आहे.

त्या वर्षाचा आरंभच अपयशाने झाला होता. १ जानेवारीस डेक्का कंपनीने त्यांची परीक्षा घेतली आणि पुढे नकार कळविला. त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाईन हा लिव्हरपुलातील रेकॉर्डच्या दुकानाचा चालक. फेब्रुवारीत तो ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या दुकानी फितीवरील गाणी तबकडीवर उतरवून घ्यावयास गेला असता तेथील तंत्रज्ञाला ती आवडली, त्याने त्यास त्याच इमारतीतील एका गीतप्रकाशकाकडे नेले, आणि तेथून धागा जॉर्ज मार्टिनपर्यंत पोहोचला. ज्या कुत्र्याच्या छापाच्या रेकॉर्डी आपल्याकडे घरोघर वाजल्या, त्याच ईएमआयच्या छत्राखालची ‘पार्लोफोन’ ही धाकटी पाती. आणि तिचा प्रमुख मार्टिन तोवर पीटर सेलर्ससारख्यांच्या विनोदी मुद्रिकांसाठी ख्यातनाम होता.

६ जून रोजी अ‍ॅबे रोडवरील स्टुडिओत हे गीत प्रथम मुद्रित होऊ लागले तेव्हा एक अडचण उद्भवली. ध्रुपदाची अखेरची ओळ लेनन एकटा म्हणे, आणि ती पुरी होते न होते तोच त्यालाच माउथ ऑर्गनचे सूर उचलावे लागत. मार्टिनने ती ओळ मॅकार्टनीकडे सोपविली. त्या ठिकाणी सर्व वाद्ये थांबतात आणि त्याचा कंठ क्षणभर निराधार उभा राहतो. आपल्या आवाजातील तो कंप आपल्याला आजही ऐकू येतो, असे मॅकार्टनीने पुढे सांगितले आहे.

मार्टिनचे मन मात्र मिच मरे या गीतकाराच्या ‘हाउ डू यू डू इट’ या गाण्यावर होते, आणि हुकुमाप्रमाणे मंडळींनी ४ सप्टेंबरला ते गायिलेही. पण आपलेच गीत हवे, ही विनंती त्यांनी सोडली नाही. मार्टिनची पारख चुकीची नव्हती, कारण तेच गाणे ‘गेरी अँड द पेसमेकर्स’नी १९६३ च्या एप्रिलमध्ये पहिल्या क्रमांकावर नेले. तयार यश समोर असता ते नाकारावयाचे, आणि तेही करारनाम्याची शाई वाळते न वाळते तोच, याला मी असामान्य धैर्य म्हणतो. अर्थात अखेर ‘लव्ह मी डू’च काढण्याच्या निर्णयात गीतप्रकाशकांच्या हितसंबंधांचाही वाटा असावा. तथापि त्याने मूळ आग्रहाला उणेपणा येत नाही.

ड्रमवादकाचा प्रश्न अधिक क्लेशकारक होता. जूनमध्ये वाजविणाऱ्या पीट बेस्टला ऑगस्टमध्ये पथकातून दूर करण्यात आले व रिंगो स्टार आला; त्यावरून लिव्हरपुलात चाहत्यांत हातघाई झाली आणि पथकातील जॉर्ज हॅरिसनचा डोळा काळानिळा झाला. ४ सप्टेंबरचे ‘लव्ह मी डू’मधील रिंगोचे वादनही पसंत न पडल्याने ११ तारखेस अँडी व्हाइट या व्यावसायिक वादकास बोलावण्यात आले, आणि रिंगोच्या हाती खंजिरी आली. नव्याने दाखल झालेल्या त्या वादकाला ही गोष्ट किती लागली असेल!

लाल लेबलाची ती तबकडी बाहेर पडण्यापूर्वी प्रसारासाठी काढलेल्या २५० प्रतींवर मॅकार्टनीचे आडनाव चुकीचे छापले गेले. एपस्टाईनने स्वतःच हजारो प्रती विकत घेतल्याचा प्रवाद उठला, त्याने तो नाकारला. डिसेंबरात मुद्रिका १७ व्या क्रमांकापर्यंत चढली आणि तेथून उतरली. अमेरिकेत मात्र १९६४ च्या मे महिन्यात ती अग्रस्थानी गेली, तीही अँडी व्हाइटचे वादन असलेली. ब्रिटनमध्ये प्रथम विकली गेली ती रिंगोची. खंजिरी ऐकू आली की ती व्हाइटची, नाही तर रिंगोची, अशी संग्राहक खातरजमा करतात. आणि ४ सप्टेंबरची मूळ फीत जतन न झाल्याने पुढे पुनर्मुद्रणासाठी कंपनीला जुन्या छापील तबकडीवरूनच ते गाणे उतरवून घ्यावे लागले.